माणसाची दोरी

निपाणीच्या दोरआक्काच्या दुकानात नुसती दोरी मागून मिळत नसे. पायरी चढलात की गादीवरून ती विचारायची, "येन बेक्री?" काय पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ, कानडी येवो न येवो, निपाणीच्या बाजारात तो सगळ्यांना कळतो. गिऱ्हाईक म्हणायचं, "दोरी द्या." मग आक्का चष्मा कपाळावर सरकवायची आणि मराठीत यायची. "दोरी द्या म्हंजे? बांधणार काय?" आता दोरी घ्यायला आलेल्या माणसाला ही चौकशी नकोशी वाटते. एकजण म्हणाला, "आक्का, काय का बांधंना, तुमाला काय करायचं?" आक्कानं चष्मा परत नाकावर घेतला आणि शांतपणे पेपर वाचायला सुरुवात केली. तो बिचारा थोडा वेळ उभा राहिला आणि शेवटी ओशाळून म्हणाला, "पाळणा बांधायचा हाय, लेकीला पोरगं झालंय." तेव्हा कुठं आक्का उठली. त्यानं बोट दाखवलेली निळी प्लॅस्टिकची दोरी तिनं पायानं बाजूला सारली, आत जाऊन सुताची जाड दोरी आणली आणि तोंडात साखर घातल्यासारखी बोलली, "ही ने. निळी कचकन कापती, घासून गरम हुती. लेकराच्या डोक्यावर असलं काय टांगायचं नसतं."

तिचं खरं नाव आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. दुकानावरच्या पाटीवर तिच्या वडिलांचं नाव होतं आणि तेही अर्धं पुसलेलं. घर जैनांचं, शेती चिकोडीकडं, आणि दुकान तंबाखूच्या भरभराटीच्या काळातलं. तेव्हा तंबाखूचे बोद, म्हणजे मोठाले गठ्ठे, शिवायला सुतळी लागायची ती सगळी इथून जायची म्हणे. आक्काचं लग्न झालं होतं, पण ती लवकरच माहेरी परत आली. का आली ते तिनं कधी सांगितलं नाही आणि तिच्या तोंडाकडं बघून विचारायची कुणाची छाती झाली नाही. वडील गेल्यावर भावानं शेती धरली आणि हिनं गादी. सूर्य कलला की शटर ओढायचं आणि दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचं, हा तिचा नेम. कितीही मोठा व्यापारी दारात उभा राहिला तरी ती ताटावर जाऊन बसायची.

मी कंग्राळीची. बेळगावच्या कडेचं गाव ते, त्यामुळं माहेरी आमचं बोलणं जरा शहरी. लग्न होऊन कोगनोळीला आले तेव्हा बायका "मी जातो, मी करतो" म्हणायच्या ते ऐकून मला हसू यायचं. आक्का तर असं काही "मी सांगतो" म्हणायची की समोरच्या फौजदारानंही ऐकावं. आता मीही घरात तसंच बोलते, लिहितानाच काय ते सावरून घेते.

मला दोऱ्यांची ओळख तिनंच करून दिली. सुभाष, म्हणजे माझा नवरा, दुकानात माल बघत असायचा आणि मी तिच्या शेजारी गादीवर. ती एकेक वेटोळं ओढून माझ्या मांडीवर टाकायची. "ह्यो काथ्या. पाण्यात घाल, तरंगतो, लवकर कुजत न्हाय. पर ताकद बेताची. ह्यो घायपात, रासवट, हात सोलतो, गाठ मातूर सोडत न्हाय. भिजला की आखडतो, म्हणून तंबू बांधलेल्यानं पावसात ढिला कराय पायजे. सुतळीला ओल दाखवू नको, आतल्या आत कुजती. सूत जनावराच्या गळ्याला, मऊ असतंय. आणि ही निळी." निळ्या दोरीचं नाव काढताना ती नाक मुरडायची. "ऊन खाऊन खाऊन पीठ हुती. वरनं रंग तसाच." नायलॉनबद्दल मात्र तिला आदर होता. ताणतं पण तुटत नाही, झटका सोसतं, म्हणायची. फक्त गुळगुळीत असल्यामुळं गाठ सुटते, म्हणून टोक हातभर लांब सोडायचं आणि परत एक गाठ मारायची.

दोरी हातात आली की आक्का आधी तिचा वास घ्यायची. मला वाटलं सवय असेल, काहीजणांना पेट्रोलचा वास आवडतो तशी. पण नाही. कुबट वास आला म्हणजे ओलीच गुंडाळून ठेवली, रॉकेलचा आला म्हणजे डब्याशेजारी ठेवली, खताचा आला म्हणजे खताच्या पोत्यावर टाकली. तिला माणसाच्या घराची सगळी व्यवस्था नाकानं कळायची. मग ती दोरी उलटी पिळून तिचे पेड सुटे करायची आणि आत बघायची. "दोरी आतनं मरती बाई. भाईरनं ती नवरीगत दिसती."

दुकानात जमिनीवर दोरी पडलेली दिसली की तिचा पारा चढायचा. आणि कुणी दोरीवर पाय दिला की ती ओरडायची, "पाप लागंल रं, खाली उतर." गिऱ्हाईक दचकून बाजूला व्हायचं, दोरीला हात लावून कपाळाला लावायचं. मी एकदा विचारलं, "आक्का, खरंच पाप लागतं?" तिनं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "कसलं पाप? पायानं वाळू आत जाती, वाळू आतनं तंतू कापत बसती. पर वाळू म्हटलं की कोण ऐकतंय? पाप म्हटलं की ऐकत्यात." ही युक्ती तिनं जागोजाग वापरली होती. दोरी खिळ्याला टांगली की लक्ष्मी जाते, असं तिनं निम्म्या निपाणीला पटवून दिलं होतं, कारण खिळा दोरीला एकाच जागी मोडतो आणि लाकडाची जाड खुंटी मोडत नाही. भिजलेली दोरी उन्हात टाकली की घरात भांडणं होतात, हेही तिचंच. सावलीत वाऱ्यावर वाळवा म्हणून कंठशोष करण्यापेक्षा हे सोपं, असं तिचं म्हणणं.

तिला गर्व होता, आणि तो तिनं कधी लपवला नाही. "माझी दोरी तुटत न्हाय, लोक तोडत्यात," हे तिचं पालुपद. एकदा एक माणूस तुटलेला दोर घेऊन भर बाजारात भांडायला आला. आक्कानं त्याला बसवलं, दोराची दोन्ही टोकं मागून घेतली, बोटानं चाचपली आणि विचारलं, "विहिरीच्या काठाचा दगुड नवीन घडवलाय काय रं?" तो म्हणाला, व्हय. "मग त्याची धार मोडली न्हाईस, पोतंबी घातलं न्हाईस. दगडावर सुरी ठेवल्यागत दोर ठेवलास तर काय हुणार?" माणूस निघून गेला. त्यानंतर आठवडाभर ती येईल त्या गिऱ्हाइकाला ही गोष्ट सांगत होती, आणि दर खेपेला तो दगड अधिक धारदार होत गेला. सुभाष म्हणायचा, "आक्काला देव भेटला तर ती त्यालाबी इचारंल, बांधणार काय?"

सुभाषचं काम विहिरींचं. मोटार अडकली, पाइपाच्या तोंडाशी गाळ बसला, की त्याला बोलावणं येतं. आमच्या भागातल्या कित्येक विहिरींना पायऱ्या नाहीत. वरून दोन गडी सोडणार आणि हा लाकडी पाटावर बसून खाली जाणार. खाली अंधार, पाणी, दगड. लग्न झाल्यावर पहिल्यांदा मी ते बघायला गेले आणि परत कधी गेले नाही. आक्काला हे कळल्यावर तिनं त्याला एक नायलॉनची पांढरी दोरी वेगळी काढून दिली, तिच्या टोकाला तांबडा दोरा गुंडाळला आणि त्याला दम भरला. "ही माणसाची दोरी. हिच्यानं मोटार उचलायची न्हाय, ट्रॅक्टर वढायचा न्हाय, शेजाऱ्याला द्यायची न्हाय. आणि खाली जायच्या आधी सगळीच्या सगळी हातातनं काढायची. डोळा चुकतो, हात चुकत न्हाय." सुभाष तसा कुणाचं ऐकणारा नव्हे, पण हे त्यानं ऐकलं. त्याच्या हातातून दोरी सरसर जाताना दिसली की माझ्या जिवाला बरं वाटायचं.

दसऱ्याला आक्का सोनं द्यायला यायची. सगळ्यांकडं नाही. ज्यांचा जीव तिच्या दोरीला टांगलेला असतो अशा मोजक्या घरी. नारळाच्या झाडावर चढणारे, विहिरीत उतरणारे, एक मंदिराच्या शिखराला रंग देणारा. पिशवीत आपट्याची पानं घेऊन ती एसटीनं यायची. आमच्या हद्दीवरच्या नाक्यावर कर्नाटकची गाडी आली तर कर्नाटकची, महाराष्ट्राची आली तर महाराष्ट्राची, तिला काही फरक पडत नसे. पान हातावर ठेवायची, सोन्यासारखं राहा म्हणायची, आणि जाता जाता दोरीवरून हात फिरवून जायची. तिला खरं सोनं कशात दिसायचं ते आम्हाला ठाऊक होतं.

एका वर्षी मी खंडेनवमीला माहेरी होते आणि दसऱ्याच्या दुपारी परत आले. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा. पान्हे, पक्कड, कोयता, सगळं घासूनपुसून देवापुढं मांडायचं. हे काम माझ्या सासूबाईंचं, ज्यांना मी आत्ती म्हणते. लेक त्यांना एकुलता. सासरे लवकर गेले, आत्तींनी विड्या वळून त्याला वाढवला. त्यांच्या बोटांच्या टोकांचा तंबाखूचा पिवळेपणा अजून गेलेला नाही. लेकाच्या हत्यारांवर त्यांचा असा जीव की पान्ह्यांना राखेनं घासून त्यात तोंड दिसेल अशी चकाकी आणायच्या. मी आले तेव्हा देवापुढं सगळं मांडलेलं होतं आणि मधोमध ती दोरी, गोल वेटोळ्यात, वर हळदकुंकू, झेंडूचं फूल. अशी पांढरीशुभ्र की नवीन आणली की काय असं वाटावं. आत्ती म्हणाल्या, "बघ गं, किती मळली व्हती. गाळच गाळ. देवापुढं तसली कशी ठेवायची?" मीही म्हटलं, छान दिसतेय.

तेवढ्यात एक ओळखीचा मळेकरी मोटरसायकलवर आला. त्याच्या विहिरीची मोटार बंद पडली होती, उसाला पाणी नव्हतं. सुभाषला आनंद झाला. दसऱ्याच्या दिवशी कामाची सुरुवात म्हणजे वर्ष चांगलं जाणार. आत्तींनी स्वतः देवापुढची दोरी उचलून त्याच्या खांद्यावर घातली. पूजेतली दोरी, वर कुंकू ताजं, ती उलगडून हातातून काढायची कशी? तो तसाच निघाला. आणि दारात आक्का.

तिनं पिशवीतून पान काढलं, त्याच्या हातावर ठेवलं, आणि सवयीनं त्याच्या खांद्यावरच्या दोरीला हात लावला. हात तिथंच राहिला. मग तिनं दोरी नाकाशी नेली. मी बघत होते, म्हणून सांगते, तिचा चेहरा एकदम उतरला. "ही धुतली कुणी?" तिनं विचारलं.

"मी की," आत्ती कौतुकानं म्हणाल्या. "नुसतं पाण्यानं निघंना, मग चांगली भिजत घातली, आणि—"

"बास, कळलं," आक्का घाईनं म्हणाली आणि मला म्हणाली, "बाई, जरा पाणी दे गं प्यायला."

मी पाणी आणायला मागं न्हाणीकडं गेले तर तिथं बादली पडली होती आणि तिला उग्र वास होता. पाण्याच्या टाकीत टाकायला आणलेली ब्लिचिंग पावडर. डबा निम्मा रिकामा. मी तांब्या घेऊन आले तोवर आक्कानं दोरीचे पेड सुटे केले होते. नखानं एक तंतू ओढला, तो शेवयीसारखा तुटला. दुसरा ओढला, तोही. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. दोघींना कळलं, पावडरीनं दोरी आतून मेली होती.

"ही दोरी न्यायची न्हाय," आक्का सुभाषला म्हणाली. "कोयता आण, तुकडं कराय पायजेत." मेलेली दोरी ती कधी आख्खी ठेवायची नाही, आख्खी दिसली की कुणीतरी उचलणारच.

घरात वीज पडावी तसं झालं. दसऱ्याचा दिवस, पूजेची दोरी, आणि ही बाई कोयता मागते. आत्तींनी दोरी धरली. "आक्का, डोस्कं फिरलंय काय तुमचं? देवाचं कुंकू हाय त्येच्यावर. सणादिवशी तोडायची भाषा करू नगा." सुभाषही चिडला. "आक्का, हिला काय झालंय? नव्यागत हाय की." मळेकरी मोटरसायकल चालूच ठेवून उभा.

आक्का वाद घालत बसली नाही. "बरं," ती म्हणाली. "तू जायच्या आधी तुझ्या वजनाचं पोतं जाऊ दे. त्यानं तर देव कोपत न्हाय?"

अंगणात चिंच आहे. बांधकामातली वाळू उरली होती, तिचं पोतं भरलं. फांदीवरून दोरी टाकताना आक्कानं तेवढ्यातही फांदीवर गोणपाट घालायला लावलं. सुभाषनं आणि मळेकऱ्यानं मिळून पोतं वर ओढलं. डोक्याएवढं वर गेलं. दोरी टिकली. आत्तींच्या तोंडावर हसू आलं, त्या म्हणाल्या, "बघा." सुभाषही हसला.

"आता जरा हिसका दे," आक्का म्हणाली. "विहिरीत पाय घसरला की बसतो तेवढा."

सुभाषनं हिसका दिला. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. पोतं खाली आलं आणि फुटलं, आणि सुभाषच्या हातात टोक राहिलं. वाळू अंगणभर पसरली. मळेकऱ्यानं मोटरसायकल बंद केली. सुभाष त्या टोकाकडं बघत उभा होता. मी त्याच्याजवळ गेले आणि त्याचा दंड घट्ट धरला. लोकांसमोर नवऱ्याला धरायची आमच्याकडं पद्धत नाही, पण मी धरला. तो उभा होता, गरम होता, श्वास घेत होता. माझा जीव भांड्यात पडला आणि मग मला रडू कोसळलं.

आत्ती वाळूत खाली बसल्या होत्या. त्यांनी वर बघून विचारलं, "कशानं तुटली ती?" आवाज इतका बारीक की मला आधी वाटलं लहान मूल बोलतंय. त्या दोरीकडं बघत होत्या, मग स्वतःच्या हातांकडं. मला भीती वाटली की आता त्यांच्या लक्षात येणार.

आक्का पुढं झाली. "माझा माल खराब," ती म्हणाली. "कारखान्यातनंच खराब आलता, मी बघून घ्याला पायजे व्हता. न्हाई बघितला. चूक माझी."

हे ती म्हणाली. "माझी दोरी तुटत न्हाय" म्हणणारी ती. मी तोंड उघडलं तर तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी ते मिटलं.

मग आत्तींच्या जिवात जीव आला, आणि जीव आल्याबरोबर तोंड सुटलं. आमच्या आत्तींच्या तोंडाला नाक्यावरचे पोलीससुद्धा भितात. "सोनं द्याला आलीस का माझ्या लेकाचं मढं बघाय आलीस? माणसाची दोरी म्हणून दिलीस न्हवं? आग लागू दे तुझ्या दुकानाला. विड्या वळून वाढवलाय त्येला मी, तुझ्या कुजक्या दोरीला टांगाय न्हवं." सुभाष मधे पडला तर त्यालाही दोन बसल्या. आक्का पदर डोक्यावर घेऊन उभी होती. मधेच "व्हय," म्हणायची, "खरं हाय तुमचं," म्हणायची. सगळं ऐकून झाल्यावर तिनं कोयता मागितला, आणि या खेपेला तो आत्तींनीच आणून आपटला.

मी तिला नाक्यापर्यंत पोचवायला गेले. वाटेत मला राहवेना. "आक्का, खोटं का बोललासा?"

"खोटं कुठलं? दोरी माझ्या दुकानातली व्हती का न्हवती?"

"पण आत्तींनी पावडर घातलीया. मी बघितलंय."

"हळू बोल." आक्का थांबली. "तिचं हात बघितलंस? सालं निघाल्यात पावडरीनं. लेकाची दोरी देवापुढं चांगली दिसावी म्हणून तिनं आपलं हात जाळून घेतलं. उद्या तिला कळलं की ती भाकरी थापायची न्हाय. लेक दाराभाईर पडला की तिला ती बादली दिसंल. मरंपतोर दिसंल." मग ती चालायला लागली. "दुकानाला शिव्या पचत्यात गं. आईला पचत न्हाईत. तिला सांगू नको कधी. उरल्याली पावडर टाकीत घाल न्हाय तर टाकून दे, आणि दोरीला फकस्त साधं पाणी. साबूण लावला तर पाप लागतंय म्हणून सांग."

मी रडता रडता हसले. तीही हसली. गाडी यायला उशीर झाला आणि दिवस मावळला. मी म्हटलं, "आक्का, तुमचं जेवण." ती म्हणाली, "आज उपास. आता पाणीबी सकाळीच." मी आणलेला तांब्याही तिनं घरी हातात घेतला नव्हता, हे मला तेव्हा आठवलं. त्या दिवशी ती आमच्या घरच्या शिव्यांशिवाय काही न खाता परत गेली.

सुभाषला मी दुसऱ्या दिवशी निपाणीच्या वाटेवर, गाडीवर मागं बसून सांगितलं. त्यानं गाडी हायवेच्या कडेला घेऊन बंद केली, आणि मग परत चालू केली. दुकानात गेल्यावर काहीतरी बोलावं म्हणून त्यानं मनाशी जुळवलं असणार. पायरी चढलो, आणि आक्का म्हणाली, "येन बेक्री?" तो म्हणाला, "दोरी." ती म्हणाली, "बांधणार काय?" तो म्हणाला, "मला." तिनं मान हलवली आणि आतून नवी दोरी आणून टोकाला तांबडा दोरा गुंडाळायला बसली. आभार मानायला तिनं जागाच ठेवली नाही.

आत्तींनी मात्र काही हातचं राखलं नाही. आठवडी बाजारात, लग्नात, बारशात, जिथं चार बायका भेटतील तिथं त्या सांगायच्या, निपाणीच्या दोरआक्काचा माल घेऊ नका, माझा लेक मरता मरता वाचला. कोगनोळीतली निम्मी गिऱ्हाइकं तुटली. मला शरम वाटायची. एकदा आक्काला म्हटलं तर ती सुतळीचा गुंडा करत म्हणाली, "बोलती न्हवं? म्हंजे बरी हाय. गप बसली असती तर मला काळजी वाटली असती." सुभाष तिच्याकडूनच दोरी आणायचा आणि आत्तींना सांगायचा, कोल्हापूरची आहे. आत्ती दोरी हातात घेऊन म्हणायच्या, "बघ, अशी असती दोरी." आता सुभाष कामाला निघायच्या आधी मीच त्याची दोरी उंबऱ्यात बसून हातातून काढते. आत्ती शेजारी बसून टोक धरतात.

आक्का यंदा उन्हाळ्यात गेली. दुपारी जेवली, गादीवर कलंडली, आणि उठली नाही. आम्ही भेटायला निघालो तर आत्तीही लुगडं बदलून तयार. "मी येतो," म्हणाल्या. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो, पण नाही कसं म्हणायचं? दुकानामागच्या खोलीत बायका बसल्या होत्या. आक्काच्या भावजयीनं आत्तींना ओळखलं. तिला सगळं माहीत होतं, आक्कानं सांगितलं असणार. तिनं बसायला चटई सरकवली. आत्ती बसल्या, पदरानं डोळे पुसले. भिंतीला लाकडी खुंट्यांवर दोऱ्या टांगलेल्या होत्या, त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाई लई चांगली व्हती. त्या दिवशी मी तोंडाला येईल त्ये बोललो, तरी उलटून एक शब्द बोलली न्हाय. माल तेवढा जरा खराब ठेवायची."

भावजयीनं माझ्याकडं बघितलं. सुभाष दारात उभा होता, तो मान खाली घालून चपलेच्या अंगठ्याशी काहीतरी करत होता. आत्तींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "व्हय का न्हाय गं?"

मी त्यांचा हात माझ्या हातात घेतला आणि म्हणाले, "व्हय, आत्ती. माल जरा खराबच ठेवायची."